सहाव्या संख्येची परीक्षा

दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६ आणि २५६ चा ६५,५३६. ह्यांतील प्रत्येक संख्येंत एक मिळवावा, म्हणजे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ अशा पांच संख्या मिळतात. ह्या पांचांसहि एक व ती संख्या स्वतः ह्यांवांचून दुसऱ्या कशानेंहि निःशेष भाग जात नाहीं. म्हणजे त्या मूळ संख्या होत.

फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायसभेचा सभासद पिएर द फर्मा ह्याच्या मनांत इ. स. १६४० मध्यें असें भरलें कीं, हा क्रम कितीहि पुढें नेला तरी मूळ संख्याच मिळतील. मात्र सिद्धता आपणांस सांपडलेली नाहीं, हेंहि त्यानें प्रांजळपणें लिहिलें.

ह्या क्रमांतील सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही होय. ती मूळ आहे कीं नाहीं हें साध्या रीतीनें ठरवावयाचें, तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनीं भागून पाहावें लागेल. एवढे भागाकार हातानें कोण करणार?

इ. स. १७२९ मध्यें गोल्डबाख ह्यानें पत्र लिहून सेंट पीटर्सबर्ग येथील ऑयलर ह्याचें लक्ष ह्या मताकडे वेधलें. पंचवीस वर्षांच्या ऑयलरनें १७३२ मध्यें उत्तर दिलें: ह्या संख्येस ६४१ नें निःशेष भाग जातो! भागाकार ६७,००,४१७. श्रोत्यांनीं पाटीवर ताळा पाहावा. ह्या भागाकाराची सहाशेंपट ४,०२,०२,५०,२०० आणि एकेचाळीसपट २७,४७,१७,०९७. दोहोंची बेरीज बरोबर मूळच्या संख्येएवढी येते.

६४१ च कां, ह्याचेंहि उत्तर आहे. ऑयलरनें पुढें सिद्ध केलें कीं, ह्या संख्येच्या कोणत्याहि मूळ अवयवास ६४ नें भागिलें असतां बाकी एकच उरली पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१. म्हणजे पांचव्याच भागाकारास काम संपतें! आणि ह्या नियमाचें बीज फर्मानेंच त्याच १६४० सालीं सांगितलेल्या एका सिद्धांतांत आहे. काखेंत कळसा नि गांवाला वळसा, ही म्हण थोरांसहि सुटली नाहीं.

ह्यावरून फर्मास हंसूं नये. पांच उदाहरणें जुळलीं कीं नियम झाला असें मानण्याचा मोह सर्वांसच होतो; पण सिद्धता हातीं नाहीं हें कबूल करण्याचें धैर्य थोड्यांनाच असतें. त्या कबुलीमुळेंच प्रश्न उघडा राहिला. आज ह्या क्रमांतील सहाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंतची प्रत्येक संख्या विभाज्य असल्याचें ठरलेलें आहे. पहिल्या पांचांच्या पंक्तीस बसणारी सहावी मूळ संख्या अद्याप कोणासहि सांपडलेली नाहीं. आणि ती नाहींच, असेंहि कोणीं सिद्ध केलेलें नाहीं.