हिशेब कोणाला द्यायचा?



१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना महात्मा फुले यांनी रोकडा प्रश्न उपस्थित केला होता. सरकारची तिजोरी रयतेच्या श्रमांवर भरते; मग उच्च शिक्षणावरील खर्चातून रयतेच्या पदरात काय पडते? विद्यापीठांच्या उत्तरदायित्वाची चर्चा आजही येथूनच सुरू झाली पाहिजे.

मुंबई विद्यापीठाचेच उदाहरण घ्या. २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा पूर्वतयारीविना सर्व शाखांना एकदम लागू करण्यात आली. उत्तरपत्रिका सतरा लाखांहून अधिक होत्या. निकाल रखडले, कित्येकांचे पुढील प्रवेश हुकले. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले.

शिक्षा झाली म्हणजे जबाबदारी निश्चित झाली, असे मानणे भ्रामक आहे. निर्णय वरून आला आणि शिक्षाही वरूनच आली. ज्यांचे वर्ष पणाला लागले, त्यांच्या वतीने जाब विचारण्याची जागा म्हणजे अधिसभा. अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल व लेखे तिच्यापुढे यावे लागतात. परंतु २०१६च्या कायद्यान्वये व्हावयाची अधिसभा तेव्हा निवडूनच आलेली नव्हती. पदवीधरांचे मतदान मार्च २०१८मध्ये झाले. तिची मुदत २०२२ साली संपल्यावर पुढील निवडणूक वारंवार लांबणीवर पडली आणि अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२४मध्ये पार पडली. तोवर दोन वर्षे पदवीधरांच्या दहाही जागा रिकाम्या राहिल्या.

निवडणुकांमुळे विद्यापीठात राजकारण शिरते, असा युक्तिवाद केला जातो. पण निवडणूक टाळली तरी ते नेमणुकांच्या दाराने शिरतेच. फरक इतकाच, की मग ते कोणाला दिसत नाही.

आर्थिक प्रश्नही याहून वेगळा नाही. अनुदान आटले की शुल्क वाढते, विनाअनुदानित अभ्यासक्रम निघतात, कायम जागा न भरता तासिका तत्त्वावर शिक्षक नेमले जातात. ताळेबंद जुळतो, पण अध्यापन खंगते आणि गरीब विद्यार्थी बाहेर राहतो. असा काटकसरीचा कारभार फार काळ टिकणारा नाही, हे अधिसभेत आकड्यांनिशी मांडले गेले पाहिजे.

स्वायत्तता शासनाच्या हस्तक्षेपापासून हवी. समाजाच्या प्रश्नांपासून नव्हे. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या पदवीधरांची मतदार म्हणून नोंदणी करावी आणि विद्यापीठाचे अंदाजपत्रक अभ्यासवर्गात वाचावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण फुल्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळवायचे तर ते टाळता येणार नाही.