राजकारण सोडून बोला



संयोजकांनी फोनवर व्याख्यानाचा विषय विचारला आणि लगेच पुस्ती जोडली, "सर, काहीही चालेल, फक्त राजकीय नको." मी म्हटलं, मग ‘राजकीय नको’ हाच विषय घेतो. ते जरा घुटमळले. कार्यकारिणीपुढे ठेवून कळवतो म्हणाले. पुढे कळलं की कार्यकारिणीत दोन गट पडले आणि शेवटी हात वर करून मतदान घ्यावं लागलं. (हशा)

त्यांची भीती मला समजते. सभागृहात सगळ्या पक्षांचे लोक बसतात, वर्गणी सगळ्यांकडून येते. तरी एक आठवण करून द्यायला हवी. वसंत ऋतूतल्या व्याख्यानांची ही प्रथा पुण्यात 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. रानडे तेव्हा न्यायखात्यात होते, म्हणजे इंग्रज सरकारचे पगारी नोकर. सार्वजनिक सभेच्या अर्जांमागे आणि निवेदनांमागे तेच होते. सरकारला संशय आला आणि त्यांची पुण्याबाहेर बदली झाली. आज आपण ज्या व्यासपीठावर राजकारण नको म्हणतो, ते उभं करणारा माणूस नोकरी सांभाळून राजकारण करत होता आणि त्याची किंमतही मोजत होता.

राजकारण नको म्हणणारे सगळे एका जातीचे नसतात. काहींना नोकरी अडवते. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम 1979 चे आहेत, त्यांनुसार सरकारी कर्मचाऱ्याला पक्षाचं सभासद होता येत नाही. ज्या घरात दोन पिढ्या सरकारी पगारावर वाढल्या, तिथे ही मनाई नियमापुरती राहत नाही, संस्कारात उतरते. मुलगा मोर्चात दिसला की बापाच्या डोळ्यांपुढे आधी पोलीस पडताळणी येते. काहींना भांडणाचा वीट आलेला असतो. निवडणुकीच्या दिवसांत कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून एखादा आतेभाऊ रागाने बाहेर पडतो, मग दिवाळीला त्याला परत घ्यायचं की नाही यावर वेगळा ग्रुप निघतो. आणि काहींना खरोखरच किळस आलेली असते. 2019 च्या नोव्हेंबरात सकाळी जाग येईपर्यंत राजभवनात शपथविधी उरकलेला, ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. नंतर 2022 आणि 2023 मध्ये दोन पक्ष फुटले. ज्याच्या विरोधात आपण मत दिलं तोच आपल्या आमदाराच्या शेजारी मंत्री होऊन बसलेला दिसतो, तेव्हा सामान्य माणसाने टीव्ही बंद केला तर त्याला दोष कसा देणार?

पण याच लोकांमधला एक वर्ग असा आहे की "मी कोणत्याच पक्षाचा नाही" हे वाक्य तो चारित्र्याच्या दाखल्यासारखं खिशातून काढतो. त्याच्याशी मला वाद घालायचा आहे. त्याचं म्हणणं असं, की राजकारण बाजूला काढलं की उरलेलं सगळं स्वच्छ असतं. आपल्या राज्यात गेल्या काही वर्षांत राजकारण बाजूला काढून पाहण्याचे प्रसंग प्रत्यक्ष आले आहेत. ते जरा जवळून बघू.

आधी गाव घेऊ. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनेलं असतात. ती गावात वैर आणते, भावकीत फूट पाडते, म्हणून ‘बिनविरोध’ हा आपल्याकडे मोठ्या कौतुकाचा शब्द आहे. बिनविरोध गावाला बक्षीस, विकासनिधी देण्याच्या घोषणा आमदार मंडळी करतात. देवळात बैठक बसते, जाणती माणसं बोलतात, ज्याने माघार घ्यायची त्याची समजूत काढली जाते. ऐकायला फार गोड. आता 2021 चा जानेवारी आठवा. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. कारण पदांचा लिलाव झाला होता. उमराण्याची बोली देवळाच्या कामाच्या नावाने दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या. गावात कुणी कुणाच्या विरोधात उभं राहिलं नाही, प्रचार नाही, भांडण नाही. फक्त ज्याच्याकडे दोन कोटी नाहीत त्याचं मत काय, हे विचारायची गरज उरली नाही. सगळी बिनविरोध गावं अशी असतात असं मी म्हणत नाही, चांगली उदाहरणंही आहेत. पण देवळातल्या त्या बैठकीत शेतमजूर बाई कुठे बसली होती आणि बोलली का, एवढं विचारल्याशिवाय मी बिनविरोध गावाचं अभिनंदन करत नाही.

शहराची गोष्ट आपल्या अंगावरून गेलेली आहे. 2022 च्या मार्चमध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली. प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांचं आरक्षण यांच्या कोर्टकज्जांत निवडणुका अडकल्या, त्या झाल्या थेट 2026 च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते. नगरसेवक नाहीत, स्थायी समिती नाही, सभागृहात राजदंड पळवणं नाही. "राजकारण्यांपेक्षा एखादा कडक आयएएस बसवा" ही मागणी आपण चहाच्या टपरीवर किती वर्षं करत होतो! ती आयती मिळाली. मुंबई महापालिकेचा 2023-24 चा अर्थसंकल्प होता 52,619 कोटींचा. मांडणारं प्रशासन आणि मंजूर करणाराही प्रशासक. एवढ्या पैशावर सभागृहात उभं राहून एक प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूस नव्हता. निर्णय मात्र होतच राहिले. कोणता रस्ता सिमेंटचा करायचा, कोणतं कंत्राट कुणाला, हे ठरतच होतं, फक्त ते आपल्यासमोर ठरत नव्हतं.

आणि गल्लीत काय झालं? ड्रेनेजचं चेंबर तुंबलं की पूर्वी लोक नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन त्याला चार शिव्या घालत. तो मुकादमाला फोन लावत असे, कारण त्याला पुन्हा मतं मागायची होती. प्रशासकाच्या काळात मोबाइलवर तक्रार क्रमांक आला. संध्याकाळी "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा निरोप आला, तेव्हा पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत होतं. माणसं माजी नगरसेवकाकडे गेली. तो म्हणाला, "माझं आता कुणी ऐकत नाही हो." मला तो नगरसेवक काही फार आवडत होता अशातला भाग नाही. (हशा)

‘यात राजकारण आणू नका’ हे वाक्य कोण म्हणतं, हेही बघावं लागतं. 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तरी त्या पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर चालत जावं लागलं. त्यानंतरही कोर्टात दावा चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये आला. ज्याच्या घरात नळ आहे त्याला पाण्यात राजकारण नको असतं. महाडला ते आणल्याशिवाय पाणी ओंजळीत आलं नसतं.

मग पक्षच नकोत, चांगली माणसं तेवढी निवडू, असा एक विचार आहे, आणि तो मोठ्या माणसांनी केलेला आहे. जयप्रकाश नारायण पन्नाशीच्या दशकात पक्षीय राजकारण सोडून सर्वोदयात गेले, पक्षविरहित लोकशाहीची मांडणी करत राहिले. 1977 मध्ये मात्र आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत त्यांनाच सगळ्यांना एकत्र करून जनता पक्ष उभा करायला लावावा लागला. पर्याय सापडला नव्हता.

आता ज्याला आपण नाक मुरडतो त्या पक्षाच्या कार्यकर्त्याकडे या. मतदान सकाळी सातला सुरू होतं, पण केंद्रावर साडेपाचला अभिरूप मतदान घेतात. पक्षांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान 50 मतं टाकायची, मोजून दाखवायची, पुसायची, मग सील लावायचं आणि त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. संध्याकाळी एकूण किती मतं पडली याचा हिशेब नमुना 17-क मध्ये भरून त्याची प्रत त्यांना द्यायची. हे प्रतिनिधी म्हणजे कोण? आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत स्लिपा वाटून आलेली, एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेली तीन-चार पोरं. दिवसभर एकाच बाकावर मतदारयादीवर पट्टी ठेवून नावं खोडत बसतात. दुपारी वडापाव एकाच पुड्यातून खातात, आणि कुणी दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला आला की सगळी एकदम उठतात. निवडणुकीवर आपला जो काही विश्वास आहे, तो बऱ्याच अंशी त्यांच्या या परस्पर अविश्वासावर उभा आहे. कोणत्याच पक्षाचा नसलेला आपला सज्जन माणूस त्या बाकावर बसायला येत नाही.

इथवर मी राजकारणाची वकिली केली. पण या कार्यकर्त्याला काय मिळतं, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी अर्धंच बोललो असं होईल. शिवसेना फुटली तेव्हा पक्ष कुणाचा हे ठरवायला कार्यकर्त्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा झाली. पोरांनी तहसीलबाहेर रांगा लावून स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, की मी अमुक, या पक्षाचा सभासद, माझी निष्ठा अमक्यावर. गठ्ठेच्या गठ्ठे दिल्लीला गेले. 17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाचा निर्णय आला. संघटनेत बहुमत कुणाचं, हे समाधानकारकपणे ठरवता येत नाही असं आयोगाने म्हटलं आणि आमदार-खासदार मोजले. 55 पैकी 40 आमदार एका बाजूला होते. पुढच्या वर्षी राष्ट्रवादीचा निकालही निवडून आलेल्यांच्या डोक्यांवर लागला. कोणता निकाल बरोबर, यावर या सभागृहात दोन मतं असणार, ती असू द्या. मला त्या स्टॅम्प पेपरची काळजी आहे. एखाद्या माणसाने तीस वर्षं सतरंज्या उचलल्या, भिंती रंगवल्या, केसेस अंगावर घेतल्या, आणि पक्ष कुणाचा हे ठरवायच्या दिवशी त्याचं मत धरलंच गेलं नाही.

शिवसेनेबाबतच्या त्या निर्णयात आयोगाने आणखी एक ताशेरा ओढला होता, की पक्षात निवडणूक न घेता पदाधिकारी नेमले जातात, हे लोकशाहीला धरून नाही. नाव एका पक्षाचं आलं, पण तालुकाध्यक्ष निवडून आल्याचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? नाव ‘वरून’ येतं. फेटा बांधतात, पेढे वाटतात, बॅनर लागतो. लोकशाहीची भाषा करणारे बहुतेक पक्ष आतून बिनविरोध गावं आहेत, आणि तिथे लिलाव होत नाहीत याची खात्री मी तरी देणार नाही. राजकारणाचा तिटकारा करणाऱ्यांची एवढी एक तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पक्षात जाऊन करायचं काय, तर टाळ्या. सुशिक्षित तरुण आत येत नाही, आला तर टिकत नाही, त्याचं मोठं कारण मला इथे दिसतं.

हल्ली पक्षाचं सभासदत्व एका मिस्ड कॉलवर मिळतं. तुमच्याकडे असा नंबर घेऊन कुणी आला, तर दार लावून घेऊ नका. त्याला आत बोलवा, पाणी द्या आणि विचारा, की मी सभासद झालो तर माझ्या वॉर्डचा अध्यक्ष निवडायला मला मत आहे का? उमेदवार ठरवताना मला कुणी विचारणार आहे का? तो बहुधा म्हणेल, "काका, ते वरून ठरतं." मग त्यालाच विचारा, की तुला तरी मत आहे का? हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला नसेल.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत. मी कोणत्या पक्षाचा, ही त्यातली पहिली असणार हे मला माहीत आहे. तिचं उत्तर देतो, पण आधी संयोजकांना एकदा विचारून घेतो.