संगणकाचे दुखणे ओळखणारी परीक्षा

ग्रामपंचायतीतील संगणक बंद पडला की दाखले अडतात आणि नागरिकांची पुष्कळ कामे खोळंबतात. संगणक वापरणारे हात २००१ पासून एमएस-सीआयटीने गावोगावी तयार केले. तो उघडून नीट करणारे हात त्या मानाने थोडेच.

नागपूरच्या सदर भागात, मंगळवारी बाजाराजवळ, शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथील पदविका तीन वर्षांची. इतका अवधी ज्यांना नाही, अशा दहावी उत्तीर्णांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. जगभर मान्यता हवी असल्यास कॉम्पटिआची, १९९३ पासून चालत आलेली, ‘ए प्लस’ परीक्षा आहे. तिचे पेपर दोन. प्रत्येकास ९० मिनिटे आणि फार तर ९० प्रश्न. ९०० च्या मापावर पहिल्यात ६७५, दुसऱ्यात ७०० गुण मिळवावे लागतात. ती मराठीत होत नाही, ही अडचण आहेच.

खरी कसोटी मात्र भाषेची नव्हे. २०२५ च्या अभ्यासक्रमात पहिल्या पेपराचा सर्वांत मोठा वाटा, २८ टक्के, दोषनिवारणाचा आहे आणि नुसत्या पाठांतरावर विसंबणारा विद्यार्थी तेथेच अडखळतो. पोर्टचे क्रमांक त्याला मुखोद्गत असतात. पण ‘यंत्र मध्येच बंद पडते, प्रथम काय कराल?’ असे विचारताच तो ‘एसएमपीएस बदलू’ म्हणतो. अपेक्षित क्रम निराळा आहे. वापरणाऱ्यास आधी विचारावे, अलीकडे काय बदलले? मग संभाव्य कारण ठरवावे, ते पडताळावे, उपाययोजना आखून अमलात आणावी, यंत्र पूर्ववत चालते याची खात्री करावी आणि शेवटी नोंद ठेवावी. (ही शेवटची पायरी कार्यालयांनाही अपरिचित नसावी!) नागपूरच्या उन्हाळ्यात पंखा धुळीने भरलेला असतो, प्रोसेसरवरील पेस्ट सुकलेली असते; यंत्र तापून स्वतःच बंद होते. अशा वेळी एसएमपीएस बदलणे म्हणजे पंचायतीचा पैसा पाण्यात घालणे होय.

हा विचार हाताने शिकावा लागतो. शाळा व कार्यालयांतील निर्लेखित संगणक, नियमानुसार मंजुरी घेऊन आणि डिस्कवरील माहिती पुसून, सरावासाठी देता येतील. रॅम काढून बसविणे, पंखा साफ करणे, बीपच्या आवाजावरून दोष ओळखणे हे त्यांवर निर्धास्त करावे. एसएमपीएसची पेटी मात्र विद्यार्थ्यास उघडू देऊ नये. वीजजोडणी काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो.