या महिन्यात घर कोण चालवणार?

गटाचं अध्यक्षपद एकाच घरात किती वर्षं राहावं, यावर आपल्याकडे कुजबुज होते, बैठकीत मात्र कुणी तोंड उघडत नाही. आज आम्ही त्याच विषयावर बोलणार आहोत, पण बंगालमधल्या श्रीरामपूरची गोष्ट सांगून. नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळी नदीकाठचं श्रीरामपूर.

तिथे विल्यम कॅरी नावाचे बाप्टिस्ट पाळक होते. इंग्लंडात असताना ते जोडे शिवत. मराठीचं व्याकरण १८०५ साली छापलं ते यांनीच. बाप्टिस्ट लोकांच्या मते चर्च म्हणजे इमारत नव्हे. जाणत्या वयात, आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांची मंडळी म्हणजे चर्च. त्यांच्यावर बिशप नसतो. देवापुढे सगळ्यांची पायरी एकच, म्हणून पाळक मंडळीने निवडायचा आणि नवा सभासदही मंडळीनेच घ्यायचा.

१८०० साली काही मिशनरी कुटुंबं श्रीरामपूरला एकत्र राहू लागली, तेव्हा हीच समजूत त्यांनी घरात आणली. स्वयंपाक एक, पैशाची पेटी एक. घराचा कारभार महिन्या-महिन्याने एकेकाकडे. उपदेश, प्रार्थना पाळीपाळीने. शनिवारी संध्याकाळी बसून आठवड्याच्या कुरबुरी मिटवायच्या. पुढच्या वर्षी कॅरींना कलकत्त्याच्या कॉलेजात महिना ५०० रुपयांची नोकरी लागली. तो पगारही त्या पेटीतच. आता सांगा, कमावत्या माणसाला हे सोपं का असतं?

पायरी एक म्हटल्यावर जातही आडवी आली. कृष्ण पाल हे सुतारकाम करणारे, तिथले पहिले बंगाली सभासद. १८०३ साली त्यांच्या मुलीचं लग्न मंडळीतल्या एका ब्राह्मण तरुणाशी झालं. त्या काळात!

१८०५ साली त्यांनी कामाचे नियम लिहून काढले आणि ते वर्षातून तीनदा सगळ्यांसमोर वाचायचे, असं ठरवलं. इथल्या मंडळ्यांचे पाळक इथलेच असावेत, हेही त्यात आहे. खाली सह्या नऊ, आणि नऊही पुरुषांच्या. हॅना मार्शमनबाई शाळा चालवत होत्या, त्या शाळेची कमाई पेटीत पडत होती, पण सहीला बाई नाही. पायरी एक म्हणणाऱ्यांना हे कसं दिसलं नाही, याचं आम्हाला नवल वाटतं.

दुसरी गाठ मालमत्तेची. घराचा कारभार फिरला, पण जमीन आणि इमारती जुन्या मोजक्या विश्वस्तांच्याच ताब्यात राहिल्या. नव्याने आलेल्या तरुणांना थोरल्यांचा वरचष्मा सहन होईना, त्यांनी कलकत्त्यात वेगळी चूल मांडली. इंग्लंडातल्या संस्थेशी वाद चिघळत गेला आणि १८२७ साली श्रीरामपूर तिच्यापासून वेगळं झालं.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना गटाचं पासबुक आणि ठरावाची वही सोबत आणा. बँकेत सही कुणाकुणाची चालते आणि ती नावं शेवटची कधी बदलली, ते मोठ्याने वाचून घ्या. वाचणारी मात्र अध्यक्षबाई नको, दुसरी कुणीतरी असू द्या.