रमाबाई : एक नाव, तिघी स्त्रिया



ग्रीक पुराणकथांत इलेक्ट्रा नावाच्या एकाहून अधिक स्त्रिया आहेत. एक अगामेम्नॉन राजाची कन्या, दुसरी ॲटलासची. पित्याचे नाव जोडल्याखेरीज कोणती इलेक्ट्रा हे कळत नाही. मराठी इतिहासात असेच एक नाव आहे, रमाबाई.

थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई १७७२ मध्ये थेऊर येथे सती गेल्या. माधव म्हणजे विष्णू, रमा म्हणजे लक्ष्मी. पतीच्या नावास साजेसे नाव सुनेला देण्याची रीत मराठी घरांत जुनीच. शतकानंतर, १८७३ मध्ये, अकरा वर्षांची यमुना कुर्लेकर न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी आली आणि रमाबाई झाली. महादेव गोविंद रानडे यांनाही लोक माधवरावच म्हणत.

पंडिता रमाबाईंचे नाव मात्र जन्माचे. १८५८ मध्ये आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या अरण्यात, अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्या जन्मल्या. शास्त्रीबुवांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने लेकीला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. ही ओळख ना पित्याकडून आली, ना पतीकडून. ती विद्येची कमाई होती.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला आणि रमाबाई रानडे त्या कार्यात सामील झाल्या. पुढे पंडितांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. नावे इतकी जवळची, की एकीचे कार्य दुसरीच्या खाती सहज जमा होते.

चिकपेटेतील मराठी शाळेला या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. लग्नानंतर ज्यांचे नाव वा आडनाव बदलले, अशा विद्यार्थिनींचा माग केवळ शाळेच्या जुन्या पटावरूनच लागतो. यमुनेला तेवढाही आधार नव्हता. तिला अक्षरओळख झाली ती रमाबाई झाल्यावर. त्यामुळे ‘यमुना कुर्लेकर’ हे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर चढले नाही.

हीरक महोत्सवास आलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थिनीने नोंदवहीत सासरच्या नावाशेजारी पटावरील नाव लिहावे, आणि त्यापुढे आपले कामही लिहावे. नाव पुष्कळींचे एक असू शकते. काम ज्याचे त्याचेच असते.