दिवसांचा हिशेब



स्त्रियांचे आरोग्य आणि निसर्गोपचार या विषयावर बोलावयाचे म्हटले की ऐकणाऱ्यांची पहिली अपेक्षा असते ती एखाद्या मुळीची, काढ्याची किंवा लेपाची. धार काय किंवा देवास काय, आपल्या बाजारांत अशा औषधांची मुळीच उणीव नाही. शतावरीचे चूर्ण आहे, अशोकारिष्ट आहे, आणि ज्यांच्या वेष्टनावर सर्व रोगांची नावे असून आतील द्रव्याचे नाव नाही अशा पुड्याही आहेत. त्यांविषयी मी पुढे थोडे बोलणार आहे, पण थोडेच. कारण निसर्गाने स्त्रीच्या हाती दिलेले पहिले साधन बाटलीत भरता येत नाही. ते म्हणजे तिच्या दिवसांचा हिशेब. पाळी केव्हा आली, किती दिवस राहिली, मधल्या काळात शरीरात कोणते फरक पडले, हे जिला ठाऊक आहे तिला आपले काही बिघडले आहे की नाही हे पुष्कळदा डॉक्टरांच्याही आधी उमगते. जिला ते ठाऊक नाही ती धडधाकट शरीरावर पैसे खर्च करते आणि खरा आजार मात्र अंगावर काढते.

अठराव्या शतकात पवारांच्या पाठोपाठ जी मराठी कुटुंबे माळव्यात येऊन स्थिरावली, त्यांनी दक्षिणेतून आपले कुळाचार आणले तसे विटाळाचे नियमही आणले. कावळा शिवला की तीन दिवस बाजूला बसावयाचे आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यावयाचे. या रूढीची तरफदारी मी कदापि करणार नाही. तिने बायकांना थंडीच्या दिवसांत कांबळ्यावर झोपविले आणि आपल्याच देहाची लाज बाळगावयास शिकविले. तथापि तीत एक चमत्कारिक गोष्ट होती. घरातील सुनेची तारीख सासूला, नणंदेला, इतकेच काय पण दारात दूध घालणाऱ्या गवळ्यालाही कळत असे. तिचा अर्थ मात्र कोणालाच कळत नसे. आता रूढी बहुतेक घरांतून गेली, हे उत्तमच झाले. परंतु तिच्याबरोबर तारीखही गेली. शाळेत एखाद्या मुलीचे पोट दुखू लागले आणि मागची पाळी केव्हा आली होती असे तिला विचारले, तर ती गोंधळून शेजारच्या मैत्रिणीकडे पाहते. भिंतीवरची दिनदर्शिका घरोघर आहे. तिच्यावर दुधाचे खाडे लिहिले जातात, गॅसच्या टाकीची तारीख लिहिली जाते. घरातल्या लेकीसुनांसाठी तिच्यावर एक टिंब नसते.

या टिंबांचा अर्थ काय तो सांगते. पुरुष श्रोत्यांनी येथे रेडिओ बंद करू नये. त्यांच्याही घरचाच हा विषय आहे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र होते. प्रौढ स्त्रीत ते २१ ते ३५ दिवसांचे असले तरी चालते. अठ्ठाविसाचाच आकडा धरून बसण्याचे कारण नाही. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत ते ४५ दिवसांपर्यंतही लांबते आणि दोनतीन वर्षांत आपोआप ठिकाणावर येते. चक्राच्या पूर्वार्धात मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या आज्ञेने बीजकोशात एक बीज पक्व होते. त्या वेळी इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक वाढते आणि गर्भाशयाचे अस्तर जाड करते. बीज सुटल्यावर दुसरे संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, पुढचा कारभार हाती घेते; शरीराचे तापमान किंचित वाढते, आणि गर्भ राहिला नाही तर साधारण १२ ते १६ दिवसांनी पाळी येते.

आता या सगळ्यातील जी खूण बाईला स्वतःला दिसते तिच्याकडे या. बीज सुटण्याच्या सुमारास चारसहा दिवस अंगावरून पांढरा स्राव जातो. तो स्वच्छ, निसरडा, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा असतो. हा रोग नव्हे. इस्ट्रोजेन आपले काम करीत आहे याची ती पावती आहे. पण आपल्या माळव्यात याला सरसकट ‘सफेद पानी’ म्हणतात, त्याने हाडे झिजतात, कंबर जाते, बाई खंगते असे समजतात. वस्तुतः हाडे त्यातून वाहून जात नाहीत. कंबर दुखते ती बहुधा ओझी वाहून आणि खंगलेपण येते ते रक्त कमी असल्याने. जो स्राव पिवळा वा हिरवट आहे, दह्याच्या गुठळ्यांसारखा आहे, ज्याला दुर्गंधी आहे किंवा ज्याने खाज सुटते, तो मात्र जंतूंचा किंवा बुरशीचा विकार असू शकतो, आणि त्याला औषध आहे. या दोहोंतील फरक मुलीला वयात येतानाच कोणी तरी समजावून दिला पाहिजे. आजवर तो समजावून देण्याचे काम पुडीवाल्याने केले आहे, आणि त्याने आपल्या सोयीने केले आहे.

फरक न कळण्याची किंमत पुडीच्या किमतीएवढीच असती तर मी इतके बोलले नसते. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली केली. पाहिलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. याची कारणे एकेरी नाहीत. फडात शौचालय नाही, पाणी नाही, पाळीत काम चुकले तर खाड्याचा दंड आहे. पण कित्येकींची सुरुवात पांढरे जाणे, पोटात दुखणे यांसारख्या तक्रारींनीच झाली, आणि पुढे कर्करोगाची भीती घालून ‘पिशवी काढा’ असा सल्ला मिळाला. पिशवी काढली की कटकट मिटली असे बायकाही एकमेकींना सांगतात. कटकट मिटत नाही. बीजकोशही काढले असतील तर ऋतुनिवृत्ती त्याच दिवशी येते आणि हाडे अकाली ठिसूळ होऊ लागतात. ते ठेवले तरीही निवृत्ती लवकर येण्याचा संभव असतो. शस्त्रक्रिया कधीच करू नये असे मी म्हणत नाही. ती करण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, आणि आपल्या तारखांची वही त्यांच्यापुढे ठेवावी.

दिवस मोजण्याच्या या विद्येला आपल्या देशात एक जुना आणि काहीसा गमतीदार इतिहास आहे. १९२०च्या दशकात जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस या दोन वैद्यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बीज सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीच्या हिशेबाने ठरतो हे दाखवून दिले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा ओढा संयमाकडे होता. त्यांच्या निमंत्रणावरून जागतिक आरोग्य संघटनेने अमेरिकेचे डॉ. अब्राहम स्टोन यांना येथे धाडले, आणि १९५२च्या सुमारास दिल्लीची लोदी कॉलनी व म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे सुरक्षित काळाचे प्रयोग सुरू झाले. निरक्षर स्त्रियांसाठी स्टोनसाहेबांनी मण्यांची माळ तयार केली. हिरवे मणी सुरक्षित दिवसांचे, तांबडे मणी धोक्याचे. रोज एक मणी सरकवावयाचा. कल्पना सुरेख होती. पण अंधारात रंग ओळखू येईनात, आणि काहींनी माळेला ताईत मानून ती नुसती गळ्यात घातली असे सांगतात. प्रयोग फसला. माझ्या मते तो स्त्रियांच्या निरक्षरतेमुळे फसला नाही. मणी दिला होता, मण्यामागचे शरीर समजावून दिले नव्हते.

याला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन व एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने तारखांऐवजी स्रावाच्या खुणेवर भर देणारी पद्धत पुढे आणली. जागतिक आरोग्य संघटनेने तिची पाच देशांत परीक्षा घेतली, त्यांत आपले बंगळूरही होते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्याच चक्रात ९३ टक्के स्त्रियांना ती खूण ओळखता आली, आणि त्यांत निरक्षर स्त्रियाही होत्या. आम्हा कॅथलिकांना ही पद्धत जवळची आहे. १९६८च्या परिपत्रकात पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम साधने वर्ज्य ठरवून नैसर्गिक काळाचा आधार घेण्यास मुभा दिली. परंतु धर्मनिष्ठा म्हणजे आकडे लपविणे नव्हे. त्याच परीक्षेत नियम काटेकोर पाळणाऱ्यांत वर्षाला शंभरांत तिघींहून कमी जणींना दिवस गेले, आणि एकंदर सर्व धरल्या तर सुमारे वीस जणींना. म्हणजे ही पद्धत दोघांची आहे. नवरा ऐकणारा नसेल, तर बायकोने कितीही टिंबे काढली तरी ती एकटीच्या बळावर निभावत नाही. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडणाऱ्या र. धों. कर्व्यांशी आमच्या ख्रिस्तसभेचे मत कधीच जुळले नसते. पण स्त्रीला आपल्या शरीराचे ज्ञान हवे, या त्यांच्या आग्रहाशी माझे भांडण नाही.

स्टोनसाहेबांच्या माळेचा पुनर्जन्मही झाला. अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेली बत्तीस मण्यांची माळ आपल्याकडे ‘मालाचक्र’ या नावाने आली. जिचे चक्र २६ ते ३२ दिवसांचे आहे तिच्यासाठीच ती आहे. आठव्या ते एकोणिसाव्या दिवसाचे मणी पांढरे असून अंधारात चमकतात. रामनगरम्‌च्या बायकांची तक्रार पन्नास वर्षांनी का होईना, कोणी तरी ऐकली म्हणावयाची! बाळंतिणीने मात्र माळेवर विसंबू नये. तिच्यासाठी निसर्गाची निराळी सोय आहे: मूल सहा महिन्यांच्या आतले आहे, ते रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत आहे आणि पाळी परतलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तर पुन्हा दिवस जाण्याचा संभव शंभरात दोघींहून अधिक नाही. तिन्हींतील एक जरी ढळली तरी ही सोय संपली.

आता औषधांकडे वळू. पाळीतील दुखण्यावर गरम पाण्याची पिशवी आणि रोजचे चालणे यांनी खरोखर उतार पडतो. अळिवाचे लाडू, मेथी, नाचणी ही उत्तम अन्ने आहेत. त्यांना औषध म्हणून मिरविण्याची गरज नाही. पालेभाजीवर लिंबू पिळावे, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण अन्नातील लोह अंगी लागण्यास चहा आडवा येतो. चक्र दोनदोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, वजन वाढते, अशा मुलींत बीजकोशांचा जो विकार आढळतो त्यात वजन शेकडा पाचदहा भागांनी उतरले तरी कित्येकींची पाळी मार्गी लागते. थायरॉईडची तपासणी मात्र आधी करून घ्यावी. शतावरीवर अनेकींची श्रद्धा आहे. तिच्या गुणांचा पक्का निवाडा अद्याप झालेला नाही, तेव्हा तिच्या भरवशावर तपासणी टाळू नये. निनावी भस्मे मात्र दूरच ठेवावीत. शिसे आणि पारा हेही निसर्गातूनच आलेले आहेत.

रक्ताची गोष्ट धारकरांसाठी विशेष आहे. या जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासी आहे, आणि भिल्ल समाजात सिकलसेलचा विकार आढळतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. सिकलसेल लोहाच्या गोळीने किंवा गूळदाण्याने बरा होत नाही. म्हणून रक्त कमी दिसले की ते कशाने कमी आहे हेही विचारावे. धारला स्त्रियांच्या आरोग्याचे काम नवे नाही. कॅनडाच्या मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आल्या आणि त्यांनी येथील बायकांवर उपचार करण्यात आयुष्य वेचले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ या देशव्यापी अभियानाचा प्रारंभही पंतप्रधानांनी याच जिल्ह्यातून केला. शिबिरात तपासणी होते आणि कागद हाती पडतो. तो कागद फडताळात न ठेवता त्यावरचा हिमोग्लोबिनचा आकडा वाचावा. तो बाराच्या खाली, किंवा गर्भवतीचा अकराच्या खाली असेल, तर ते दुखणे आहे.

वहीत काय आढळले तर थांबू नये, तेही सांगते. आठ दिवसांहून अधिक जाणारा रक्तस्राव, तासा-दोन तासांत पॅड बदलावे लागणे, संबंधानंतर दिसणारे रक्त, गर्भारपण नसता तीन महिने न आलेली पाळी, आणि पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा दिसलेला एखादाही डाग: या गोष्टींवर घरगुती उपाय नाही; दवाखाना गाठावा. गर्भवतींची मोफत तपासणी सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेस होते. ज्या घरात गर्भवती असेल तेथील दिनदर्शिकेवर त्या तारखेभोवती आजच वर्तुळ काढून ठेवावे, आणि पेन्सिल तेथेच दोरीने बांधून टाकावी.