वाळूतला चेंडू किती उंच काढायचा?



२०२१च्या ऑगस्टची ७ तारीख आठवते? संध्याकाळी ऑलिम्पिकमध्ये नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवलं आणि गावोगाव फटाके वाजले. त्याच दिवशी सकाळी अदिती अशोकचं गोल्फमधलं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. हे मात्र पहाटेपासून टीव्हीला चिकटलेल्या चार जणांनाच माहीत. पुरुषांच्या गोल्फ स्पर्धेत पुण्याचा उदयन माने होता. माने म्हटल्यावर आमच्या आष्ट्यातल्या मंडळींनी कान टवकारले. ‘पाव्हण्यातलाच असंल की,’ असंही कुणी म्हणालं.

मी लष्करात होतो आणि छावणीच्या गोल्फ मैदानावर माझी बरीच वर्षं गेली, हे गावाला ठाऊक. त्यामुळे तेव्हापासून मला एक प्रश्न हमखास येतो. चेंडू वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये पडला, की एक खेळाडू तो उभाच्या उभा वर काढून अलगद ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड हिरवळीवर, टेकवतो. दुसरा तसाच चेंडू खालून, बुटका काढतो आणि तो घरंगळत होलपर्यंत जातो. ही उंची ठरवतं कोण? मनगट? दंडातला जोर?

दोन्ही नाहीत. उंची ठरते ती क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हलण्याच्या आधी.

मुळात बंकरमध्ये चेंडूला मारायचंच नसतं. चेंडूच्या मागे दोन-तीन बोटांवर क्लब वाळूत शिरतो, चेंडूच्या खालून सरकतो आणि पुढे बाहेर पडतो. वाळूचा एक पातळ थर उडतो, त्या थरावर बसून चेंडू उडतो. क्लबच्या पात्याची आणि चेंडूची गाठच पडत नाही. म्हणून चेंडू ‘उचलायला’ गेलेला माणूस फसतो. मनगट वर झटकलं की पात्याची धार चेंडूच्या कमरेत बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत. नाहीतर धार आधीच खोल रुतते आणि चेंडू जागचा हलत नाही.

धार रुतू नये ही सोय केली जीन साराझेन या अमेरिकन खेळाडूने. विमानाची शेपटी खाली झाली की नाक वर उचलतं, हे त्याने विमान चालवायला शिकताना पाहिलं होतं. त्याने क्लबच्या बुडाला मागच्या बाजूने डाग देऊन धातू चढवला, बूड जाड केलं आणि धारेपेक्षा खाली आणलं. १९३२ची ब्रिटिश ओपन स्पर्धा इंग्लंडमध्ये प्रिन्सेस मैदानावर झाली, ती त्याने याच क्लबच्या जोरावर जिंकली. स्पर्धेआधी कुणाची नजर पडू नये म्हणून तो क्लब कोटाखाली लपवून नेत असे, असं सांगतात. आज त्यालाच सँड वेज म्हणतात, आणि त्या खाली उतरलेल्या बुडाला बाउन्स. कृष्णेच्या डोहात चपटा दगड फेकून आपण भाकऱ्या काढतो ना? दगड चपटा पडला तर टप्पे घेत जातो, कडेवर पडला की बुडतो. बाउन्सचं काम तेच, पाण्याऐवजी वाळूत.

आता उंचीकडे येऊ. सँड वेजचं पातं मुळातच साधारण ५४ ते ५८ अंशांनी मागे कललेलं असतं. उजव्या हाताच्या खेळाडूने ते आणखी उजवीकडे फिरवलं, की ते आभाळाकडे तोंड करतं. याला पातं उघडणं म्हणतात. उघडलं की दोन गोष्टी एकदम होतात. कल वाढतो म्हणून चेंडू वर जातो, आणि बूड आणखी खाली येतं म्हणून क्लब रुतत नाही. पण इथे एक मेख आहे. बहुतेक जण आधी मूठ आवळतात आणि मग मनगट वळवून पातं उघडतात. फटका मारताना मनगट आपल्या मूळ जागी परत येतं, त्याबरोबर पातंही बंद होतं. क्रम उलटा हवा: हात सैल, आधी पातं फिरवायचं, मग मूठ धरायची. एवढ्या एका गोष्टीने अर्धी रडगाणी थांबतात. छावणीत मोठ्या हुद्द्याच्या साहेबांनाही हे सांगावं लागायचं, आणि सांगताना शब्द जपून वापरावे लागायचे.

चेंडू फार उंच हवा असेल, म्हणजे समोर बंकरचा काठ उभा आहे आणि होलमधला झेंडा जवळ आहे, तर पातं चांगलं उघडा, चेंडू डाव्या पायाच्या समोर घ्या, पाय फाकवा, गुडघे वाकवून हात खाली न्या. मग स्विंग मोठा घ्या. इथे माणूस घाबरतो. झेंडा हाकेवर, आणि एवढा जोर? पण जोर वर जाण्यात खर्च होतो, पुढे जायला थोडाच उरतो. मध्येच हात आखडला की चेंडू बंकरातच.

काठ बुटका आणि झेंडा लांब असेल, तर उंचीची हौस कशाला? पातं जवळजवळ सरळ, चेंडू दोन पायांच्या मध्याकडे, फटक्याचा शेवटही आखूड. हवं तर कमी कलाचा क्लब घ्या, नऊ नंबरचाही चालतो. चेंडू खालून निघतो आणि उरलेलं अंतर पळून काढतो. माझं मत विचाराल तर हाच फटका आधी शिकावा. टीव्हीवर दाखवत नाहीत, पण कामाला तोच येतो.

हे सगळं वाळूने साथ दिली तर. घर बांधलेल्या कुणालाही ठाऊक आहे की नदीची वाळू निराळी आणि क्रशरची निराळी. नदीच्या वाळूचा कण पाण्याने घासून गोल झालेला. तो घसरतो, चेंडू आत रुतून बसतो. क्रश सँडचा कण कोनेरी. तो एकमेकांत अडकतो, थर घट्ट बसतो आणि चेंडू वर राहतो. चेंडू अर्धा पुरला गेला असेल तर सगळं उलटं करायचं: पातं बंद, धार खाली, सरळ खणायचं. तो बुटकाच निघणार आणि पळणार, उंचीची आशा सोडा. पावसाने दबलेल्या ओल्या वाळूवर बूड आपटून उसळतं आणि थेट चेंडूवर येतं. तिथेही पातं फार उघडू नये.

मग वाळू कशी आहे ते तपासायचं कसं? हात किंवा क्लब लावून अंदाज घ्यायला नियमाने मनाई आहे. सरावाच्या स्विंगमध्येही क्लब वाळूला लागला तर दंड. पण नीट उभं राहण्यासाठी पाय रोवायला परवानगी आहे. चांगला खेळाडू बूट डावी-उजवीकडे घुसळत उभा राहतो ना, तेव्हा तो नुसता तोल सांभाळत नसतो. वाळू किती खोल, किती भुसभुशीत, हे तळपायाला कळत असतं.

सरावाला चेंडूही लागत नाही. बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाशेजारी, मालकाला विचारून बरं का, वाळूची सपाट पट्टी करा. काठीने आडवी रेघ ओढा. रेघ दोन पायांच्या मध्ये घेऊन उभे राहा आणि रेघेपासून पुढे वीतभर वाळू उडवा. खड्डा रेघेच्या मागे सुरू झाला तर चुकलं, रेघ सोडून पुढे सुरू झाला तरी चुकलं. दहा वेळा रेघ बरोबर पुसली की मग चेंडू ठेवा.

आणि तरीही काही बंकर कुणाचंच ऐकत नाहीत. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला सतराव्या होलशेजारी एक खोल बंकर आहे, हिरवळीचे थर रचून उभी भिंत केलेला. १९७८च्या ओपनमध्ये जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला होता. तिथून चेंडू ढकलताना तो उतारावरून वळून याच बंकरमध्ये घरंगळला. बाहेर यायला चार फटके लागले, त्या होलवर एकूण नऊ झाले. २००० साली तिथेच डेव्हिड डुव्हॉललाही बाहेर निघायला चार फटके लागले.

अशा भिंतीपुढे उंचीचा हट्ट न धरता चेंडू आडवा किंवा मागे काढावा. तेही जमणार नसेल, तर २०१९पासून नियमात आणखी एक वाट आहे. चेंडू खेळण्याजोगा नाही असं जाहीर करायचं, दोन फटक्यांचा दंड घ्यायचा आणि होलच्या सरळ रेषेत मागे जाऊन बंकरच्या बाहेरून खेळायचं. दोन फटके जातात खरे, पण नाकाजिमाच्या हिशेबाने स्वस्तच पडतात. बाहेर येताना बंकरमधली पावलं मात्र दाताळ्याने पुसून या. मागून येणाऱ्याचा चेंडू तुमच्या टाचेच्या खड्ड्यात बसला, तर तो तुमचं नाव काय घेईल ते रेडिओवर सांगता येणार नाही.